थंड इंजिनचा ठोका: एका ऊसवाहू ट्रकचं प्रकरण

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, गळीत हंगाम भरात. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजसमोर एक दहाचाकी ट्रक येऊन उभा राहिला. मालक स्वतःच ड्रायव्हर. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला आणि म्हणाला, "मेस्त्री, आत्ता ऐकायला नाही यायचं तुम्हाला. पहाटं सुरू केली की डबडं बडवल्यागत वाजतंय, आणि गरम झाली की गप."

त्याआधी तो एका गॅरेजला जाऊन आला होता. तिथे पाच मिनिटं ऐकून "फुल इंजिन करावं लागेल, क्रँकही ग्राइंडिंगला जाईल" असं सांगितलं होतं. म्हणजे सगळं इंजिन उघडायचं, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) घासून घ्यायला पाठवायचा, आणि दहा-बारा दिवस गाडी उभी. ऊसवाहतूक करणाऱ्याला या दहा-बारा दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टोळीला उचल देऊन झालेली, मुकादमाचे रोज फोन, कारखान्यावरची पाळी चुकणार आणि बँकेचा हप्ता तारखेला निघणारच. माणूस रात्रभर झोपला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण पिस्टनच्या आवाजाबद्दल आपल्याकडे दोन पक्की मतं आहेत. एक मत असं की ठोका आला म्हणजे इंजिन गेलं. दुसरं असं की गरम झाल्यावर जातोय ना, मग काही होत नाही, सोडून द्या. या ट्रकच्या बाबतीत दोन्ही मतांनी मालकाचं नुकसानच केलं असतं.

गाडी जुनी, बीएस-3 या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळातली. सहा सिलिंडर, टर्बो, यांत्रिक डिझेल पंप. लायनर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) ओले, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. सेकंडहँड घेतलेली, यांच्याकडे तीन वर्षं. इंजिन कोणत्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही. जे बिघडलं होतं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

मी हत्यार हातात घेण्याआधी चार गोष्टी विचारल्या. आवाज किती वेळ टिकतो? गेल्या हंगामात तीन-चार मिनिटं, यंदा पंधरा-वीस. गरम इंजिनमध्ये, भरलेल्या गाडीला चढावर ठोका येतो का? नाही. गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडतो का? नाही, काटा जागेवर. पाण्याच्या तापमानाचा काटा कुठे असतो? इथे तो जरा थांबला. "तो तर खालीच असतोय की. गाडी थंडच चालतीया. ते चांगलंच न्हवं का?"

ते चांगलं नव्हतं. पण त्या क्षणी मीही त्या उत्तराकडे हवं तितकं लक्ष दिलं नाही. ते तीन दिवसांनी दिलं.

थंड इंजिनचा आवाज थंड इंजिनवरच ऐकावा लागतो. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवायला सांगितली. सकाळी साडेपाचला सगळे जमलो. थंडी 14-15 अंशांच्या आसपास. मालकाला म्हटलं, तुम्ही रोज जशी सुरू करता तशीच करा, मी मध्ये बोलणार नाही. त्याने स्टार्टर मारला, इंजिन लागलं, आणि लगेच पाय अॅक्सिलरेटरवर. हवेचा काटा शून्यावर होता. रात्रीत टाकीतली सगळी हवा गळून गेली होती, आणि हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. म्हणून रोज पहाटे बर्फासारख्या थंड इंजिनला आठ-दहा मिनिटं रेस. ठोका असा की अंगणातलं कुत्रं उठून लांब गेलं.

मी त्याला पाय काढायला सांगितला आणि इंजिन आयडलिंगला सोडून ऐकू लागलो. नीट ऐकल्यावर आवाज एक नसून दोन आहेत हे कळलं. एक जाड, पोकळ, ढब-ढब, जमिनीतून आल्यासारखा. दुसरा पातळ आणि कडक, टण-टण, वरच्या बाजूचा. एकात एक मिसळलेले. पहिल्या गॅरेजने पाच मिनिटांत जे ऐकलं ते या दोन्हींची बेरीज होती, आणि ती बेरीज खरोखरच क्रँकच्या ठोक्यासारखी वाटत होती. त्यांना दोष देण्यापेक्षा मी एवढंच म्हणेन की त्यांनी गाडी एक रात्र ठेवून घ्यायला हवी होती.

आता पिस्टनचा ठोका म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पिस्टन लायनरमध्ये कधीच घट्ट बसवलेला नसतो. दोघांमध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते, कारण पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि लायनर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभर मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंशांनी तापला की सुमारे 0.2 मिमी वाढतो, लायनर मात्र 0.11 च्या आसपास. म्हणजे थंडपणी जी फट दिसते ती गरम झाल्यावर आपोआप मिटत जाते.

आता कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. पिस्टन दाब घेत वर जात असताना रॉड एका बाजूला कललेला असतो, त्यामुळे पिस्टन लायनरच्या एका भिंतीला टेकून वर सरकतो. टोकावर पोहोचून खाली वळताना रॉडचा कल उलटतो आणि पिस्टन समोरच्या भिंतीवर जातो. नेमक्या याच वेळी डोक्यावर स्फोटाचा सगळा दाब आलेला असतो. फट मोठी असेल तर पिस्टन सरकत न जाता आपटतो. ती आपटी म्हणजे हा ढब-ढब. समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या उभ्या इंजिनमध्ये पिस्टन ज्या भिंतीवर आपटतो ती भिंत आपल्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला येते. म्हणून मी लांब सळईचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं कानाजवळ धरून आधी त्या बाजूला ऐकतो, मग दुसऱ्या बाजूला. या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला, रेडिएटरकडच्या पहिल्या सिलिंडरजवळ जाड आवाज सगळ्यात स्पष्ट होता. टण-टण मात्र चौथ्याच्या आसपास, हेडजवळ, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाजवळ.

इथे डिझेल इंजिनची एक फसवणूक लक्षात घ्यावी लागते. थंड डिझेल इंजिनमध्ये इंधन पडल्यावर पेटायला उशीर लागतो. तोवर जमा झालेलं डिझेल एकदम पेटतं आणि तोही ठोकाच होतो. इंजिन तापलं की तोही कमी होतो. म्हणजे "थंडीत येतो, गरमीत जातो" एवढ्यावरून पिस्टनवर शिक्का मारता येत नाही. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग मात्र उलटं वागतं: ऑइल गरम होऊन पातळ झालं की त्याचा ठोका वाढतो, लोडवर आणखी वाढतो, आणि बहुतेकदा ऑइलचा दाबही सोबत पडतो. मालकाच्या चार उत्तरांनी बेअरिंग जवळपास बाजूला पडलं होतं. क्रँक ग्राइंडिंगचा विषय मी तिथेच मनातून काढला.

उरले पिस्टन आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. यांना वेगळं करायची जुनी पद्धत म्हणजे एकेका नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल करून तेवढं सिलिंडर बंद पाडणं. पहिलं बंद केलं तेव्हा ढब-ढब निम्म्याहून कमी झाला. दुसरं बंद केल्यावर थोडा कमी. चौथं बंद केल्यावर टण-टण गायब. बाकीच्यांना फक्त इंजिनची चाल पडली. (ही पद्धत फक्त यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी, तीही चष्मा घालून आणि तोंड लांब ठेवून. कॉमन रेल इंजिनच्या, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनच्या पाइपला चालू इंजिनात पाना लावू नये. तिथे दीड-दोन हजार बारपर्यंत, कधी त्याहूनही जास्त दाब असतो आणि डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत शिरते. हात गमावलेली माणसं आहेत. त्या गाड्यांत स्कॅनरवरून सिलिंडर बंद करायची सोय असते, तीच वापरावी.)

पण सिलिंडर बंद केल्यावर पिस्टनचा आवाजही कमी होतो आणि नोझलचाही. म्हणून आणखी एक पायरी लागते: नोझलांची अदलाबदल. चौथ्याचा सहाव्याला, पहिल्याचा पाचव्याला. आवाज नोझलबरोबर गेला तर दोष नोझलचा, जागेवर राहिला तर खालचा. अडचण अशी की हे थंड इंजिनवरच कळतं, म्हणजे दिवसातून एकच संधी. म्हणून अदलाबदल करून गाडी खेपेला पाठवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सगळे उभे. टण-टण चौथ्यावरून सहाव्यावर गेला होता. ढब-ढब पहिल्यावरच होता, तसूभर हलला नव्हता.

नोझल पंपवाल्याकडे पाठवला. टेस्टरवर लावल्यावर तो फवारा न मारता ठिबकत होता आणि ठरलेल्या दाबाच्या बराच आधी उघडत होता. तो दुरुस्त झाल्यावर निम्मी भीती गेली. मालक म्हणाला, "मेस्त्री, अर्धा आवाज गेला की!" तो गेलेला आवाजच सगळ्यात भयानक ऐकू येत होता.

तिसऱ्या पहाटे शेवटची खात्री. पहिल्या सिलिंडरचा नोझल काढून त्या भोकातून इंजिन ऑइल सोडलं, फार तर एक लहान चमचा. डिझेल इंजिनमध्ये पिस्टनच्या वर जागा फार थोडी असते, ऑइल जास्त झालं तर ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. नंतर डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर थोडं फिरवलं, नोझल बसवला, इंजिन सुरू केलं. पहिला अर्धा मिनिट जाड आवाज जवळजवळ मेला. ऑइलने फट भरली होती. मग ते जळून गेलं आणि ढब-ढब परत आला. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन, संशयच उरला नाही.

इथपर्यंत बहुतेक अनुभवी मिस्त्री पोहोचतात. मला मात्र त्या सकाळी एक गोष्ट सतवायला लागली. पिस्टन-लायनर एका वर्षात इतके झिजत नाहीत की तीन-चार मिनिटांचा आवाज पंधरा-वीस मिनिटांचा व्हावा. आवाज मोठा झाला नव्हता, लांबला होता. म्हणजे फट वाढली असेल-नसेल, पण इंजिन गरम व्हायला लागणारा वेळ नक्की वाढला होता. तेव्हा मला तापमानाच्या काट्याबद्दलचं त्याचं उत्तर आठवलं.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला आणि सुरू करायला सांगितलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो. इंजिनमधलं पाणी साधारण 80 अंशांना पोहोचल्यावर तो उघडतो आणि पाइप एकदम तापतो. इथे पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. हाउसिंगचे बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅट नव्हता. फक्त त्याची रिकामी बैठक.

मग गोष्ट बाहेर आली. आदल्या उन्हाळ्यात करूळ घाटात गाडी तापली होती. वाटेतल्या कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला, "याच्यामुळंच तापते" म्हणून. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की कित्येक ड्रायव्हरांना थर्मोस्टॅट नावाची वस्तू असते हेच माहीत नसतं. खरं तर गाडी तापायचं कारण रेडिएटरमध्ये होतं: वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्याने नळ्या क्षारांनी बुजत आल्या होत्या. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटचं दुसरं काम असतं. उघडताना तो बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनमध्ये परत फिरतो. म्हणजे साध्या रस्त्यावर इंजिन थंडच, आणि घाटात भरलेली गाडी तरीही तापणार. दोन्हीकडून तोटा.

थंड चालणाऱ्या इंजिनचं काय होतं हे सांगायला मला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण ऐकणाऱ्याला ते पटत नाही. तापलेलं इंजिन आरडाओरडा करतं, थंड इंजिन गपचूप झिजतं. डिझेल पूर्ण जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइल चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतं. जळण्यातून तयार होणारी वाफ थंड लायनरवर निवते आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल बनतं. ते लायनर खातं. पाणी पंपाकडून सगळ्यात आधी पहिल्या सिलिंडरजवळ येतं, म्हणून ते सिलिंडर सगळ्यात थंड. ढब-ढब पहिल्यावरच का, याचं उत्तर तिथे होतं.

मालकाला मी बाकावर बसवून दोन वाटा सांगितल्या. पहिली, आत्ताच इंजिन उघडायचं. दुसरी, आवाज ज्या कारणाने लांबला ते कारण दुरुस्त करायचं, हंगाम काढायचा आणि एप्रिलमध्ये उघडायचं. दुसऱ्या वाटेला माझ्या तीन अटी होत्या. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर फार फेकत नसावा. ऑइलमध्ये पाण्याचा अंश नसावा. गरम इंजिनवर आयडलिंगला ऑइलचा दाब पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या वर असावा. तिन्ही तपासल्या, तिन्ही ठीक निघाल्या. त्याने दुसरी वाट घेतली, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तीच घेतली असती.

रेडिएटर उतरवून रॉडिंगला दिला. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर, त्यामुळे टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या घालता आल्या. नवा थर्मोस्टॅट. रेडिएटरचं झाकणही नवं; जुन्याची स्प्रिंग मेलेली होती. पाण्याच्या जागी कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. आणि हवेची गळती शोधली. मागच्या एका ब्रेक चेंबरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला होता. तो बदलल्यावर सकाळी टाकीत निम्मी हवा शिल्लक राहू लागली आणि पहाटेची ती रेस बंद झाली. माझ्या मते या इंजिनचं आयुष्य वाढवायला सगळ्यात जास्त उपयोग त्या डायफ्रामचाच झाला. थंड पिस्टनची फट सगळ्यात मोठी असताना, भिंतीवर अजून पुरतं ऑइल पोहोचलेलं नसताना रेस करणं म्हणजे घणाचे घाव घालणं.

दुसऱ्या आठवड्यात त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवलं. ठोका सहा मिनिटांत विरत होता. तापमानाचा काटा मधोमध.

मालकाला मी गाडी आयडलिंगवर वीस मिनिटं तापवत ठेवू नको असंही सांगितलं. आयडलिंगला डिझेल इंजिन तापतच नाही धड. हवा भरली, ऑइलचा दाब आला, की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघायचं. काटा वर येईपर्यंत जोर करायचा नाही. ऑइल पुस्तकात दिलंय तेच, 15डब्ल्यू-40. आवाज दबवायला जाड ऑइल घालायचा सल्ला त्याला तीन जणांनी दिला होता. जाड ऑइल थंडीत वर पोहोचायलाच उशीर लावतं.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विकणारा तुम्ही येण्याआधी इंजिन गरम करून ठेवत असेल तर सावध व्हा. पिस्टनचा ठोका लपवायचा सगळ्यात सोपा उपाय तोच. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावून बघा. गरम लागला तर उद्या सकाळी येतो म्हणून परत या.

आणि हा आवाज फक्त झिजलेल्या इंजिनांत येतो असंही नाही. अमेरिकेत 1999 पासून आलेल्या जनरल मोटर्सच्या व्ही-8 पिकअप ट्रकांमध्ये, विशेषतः 5.3 लिटर इंजिनात, जवळपास नव्या गाड्यांच्या मालकांनी थंड ठोक्याच्या तक्रारी केल्या होत्या. कंपनीचं म्हणणं असं की गरम झाल्यावर जाणाऱ्या या आवाजाने इंजिनच्या टिकाऊपणाला बाधा येत नाही. त्यामागे रचनेचं कारण आहे. घर्षण आणि वजन कमी करायला अलीकडच्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, आखूड केला जातो. आखूड पिस्टन फटीत जास्त डुलतो. कारच्या पेट्रोल इंजिनांत हे अधिक ऐकू येतं. त्यावर उतारा म्हणून स्कर्टला ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचा थर देतात आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) मध्यापासून किंचित, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, बाजूला बसवतात. त्यामुळे पिस्टन एकदम न आपटता कलत-कलत दुसऱ्या भिंतीवर जातो. या पिनमुळेच पिस्टनवर पुढच्या दिशेची खूण असते. आमच्याकडे एकदा एक कार आली होती, नवे पिस्टन टाकून आठवडाही झाला नव्हता आणि ठोका पहिल्याच दिवसापासून. हेड काढल्याबरोबर कळलं: एका पिस्टनचा बाण मागे तोंड करून होता. फट बरोबर, माप बरोबर, नुसती दिशा उलटी.

कारच्या थंड ठोक्याला म्हणून मी फार घाबरत नाही. मिनिट-दोन मिनिटांत जात असेल, ऑइल खात नसेल, तर चालवत राहावी. ओल्या लायनरच्या ट्रकला मात्र हा नियम मी लावत नाही. का, ते एप्रिलमध्ये दिसलं.

कारखाना बंद झाल्यावर ट्रक आला. हेड उतरवलं, पिस्टन काढले, मापं घेतली. या इंजिनाला नवेपणी 0.11 ते 0.14 मिमी फट, आणि 0.25 ला बदला असं पुस्तक सांगतं. दुसरा ते सहावा 0.16 ते 0.20 च्या दरम्यान. पहिला 0.27. पिस्टनचं माप पिनच्या आडव्या दिशेने, स्कर्टवर ठरलेल्या उंचीला घ्यावं लागतं, कारण थंड पिस्टन गोल नसतोच. तो अंडाकृती असतो, आणि वर निमुळता. कुठेही मायक्रोमीटर लावून मिळालेला आकडा काहीच सांगत नाही.

बेअरिंगं बघितली. झीज होती, पण क्रँकचं माप जागेवर. ग्राइंडिंगची गरज त्या दिवशीही नव्हती.

मग लायनर ओढून काढले. पहिल्याची आतली बाजू पाहून मला काही आश्चर्य वाटलं नाही. बाहेरची बाजू बघितली आणि मी मालकाला हाक मारली. पाण्याच्या बाजूला, वरून खाली एका रांगेत, सुईने टोचल्यासारखी भोकं. फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या पट्ट्यात. बाकी लायनर गुळगुळीत. सगळ्यात खोल भोकात बारीक तार घातली तर जवळजवळ 2 मिमी आत गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या लायनरवर अशीच, पण उथळ.

हे पिस्टनच्या आपटण्याचं काम. पिस्टन आतून भिंतीवर आदळतो तेव्हा लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना बाहेरची भिंत क्षणभर पाण्यापासून मागे सरकते, तिथे दाब एकदम कमी होतो, वाफेचे अगदी सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि पुढच्याच क्षणी भिंतीवर फुटतात. प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उडवतो. असं दिवसभर, वर्षभर. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि झीज अडवतात. साध्या पाण्यात तो थर नसतो. झाकण दाब धरत असेल तर बुडबुडे कमी होतात. इथे झाकणाची स्प्रिंग मेलेली होती. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणाऱ्याला मी आता हा लायनर दाखवतो. भोक आरपार गेलं असतं तर पाणी ऑइल चेंबरमध्ये, ऑइलचं दूध, आणि मग बेअरिंगं आणि क्रँक दोन्ही. पहिल्या गॅरेजने सांगितलेला खर्च तेव्हा खरा ठरला असता.

सहाही लायनर-पिस्टन बदलले. सगळेच बदलण्याइतके खराब नव्हते, पण एका इंजिनात जुने-नवे मिसळणं मला पटत नाही. शिवाय वजनं जुळवावी लागतात. इंजिन उघडलंच होतं, म्हणून बेअरिंगं मूळ मापाचीच नवी टाकली. लायनरच्या कॉलरची, म्हणजे वरच्या काठाची उंची डायल गेजने सहाही ठिकाणी तपासली. ते काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

बसवताना मालकाने विचारलं, "फट जरा टाइटच ठेवली तर? मंग आवाजच नको." हा प्रश्न मला वर्षातून दहादा येतो, आणि दहाही वेळा मी नाहीच म्हणतो. बोअरिंगच्या कामात असं टाइट ठेवून घेतलेली इंजिनं मी घाटात जाम झालेली पाहिली आहेत. पिस्टन फुगतो, जागा संपते, ऑइलचा थर फाटतो आणि अॅल्युमिनियम लायनरला चिकटतं. थंडीतला मिनिटभराचा आवाज ही फटीची किंमत आहे, आणि ती द्यावीच लागते.

पुढच्या नोव्हेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ट्रक परत आला. मालकाला ट्रक दाखवायचा होता, तक्रार काही नव्हती. पहाटे सुरू केली, घड्याळ लावलं: एक मिनिट दहा सेकंद हलका ढब-ढब, मग शांत. हवेचा काटा अर्ध्यावरून चढत गेला. मी रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंटचा हिरवा रंग फिका पडला होता. विचारल्यावर म्हणाला की मागच्या महिन्यात वाटेत होज गळाला होता, म्हणून एका विहिरीवरून दोन बादल्या भरून घातल्या. त्याच दिवशी सगळं सोडून नवं भरलं, आणि पाच लिटरचा कूलंटचा कॅन केबिनमध्ये सीटमागे बांधून दिला.